शेजारच्या बाकावरची सोळा उत्तरं

२ मे, संध्याकाळ

कालिरोईने आज ऑफिसात बोलावून घेतलं. कालिरोई म्हणजे आमच्या शिकवणीची मालकीण, वय एकतीस. तिच्या वडिलांनी मला सत्तावीस वर्षांपूर्वी नेमलं आणि तिला पहिलं इंग्रजी वाक्य मी शिकवलं, तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता सगळे दात आहेत. म्हणाली, काका, राग मानू नका, पण यंदाच्या माहितीपत्रकात छापायचंय की आमच्या सगळ्या शिक्षकांकडे इंग्रजीचं ताजं प्रमाणपत्र आहे. बाकी दोघींकडे आहे. तुमचं इतकं जुनं झालंय की त्याच्यावरचा शिक्कासुद्धा वाचता येत नाही. येत्या अठराला परीक्षा आहे, बसाल का?

मी हसलो. म्हटलं, अगं, त्या परीक्षेला मी माणसं बसवतो. मीच बसायचं म्हणजे खानावळवाल्याने आपल्याच खानावळीत जेवायचं. ती म्हणाली, चांगला खानावळवाला तिथेच जेवतो, काका. पोरगी फार बोलायला लागली आहे.

ठरलं. बसणार. भीतीने नव्हे, आदर्श म्हणून. माझ्या मोठ्यांच्या बॅचमधले सहा जण त्याच दिवशी बसतायत, त्यांना धीर येईल.

अभ्यासाची गरज नाही. तरी शिस्त म्हणून रोज सकाळी सहा ते सात, वाक्यदुरुस्तीचे चाळीस प्रश्न. आणि सकाळची बुगात्सा बंद. क्रीम भरलेली एवढी पेस्ट्री खाल्ल्यावर डोकं चालत नाही.

३ मे, सकाळी ६.००

अलार्म वाजला.

३ मे, सकाळी ८.१०

आत्ता उठलो. शुक्रवारी नवीन काही सुरू करू नये. सोमवारपासून. तोपर्यंत घरात बुगात्सा संपवणं भाग आहे. एव्हांथियाने आधीच दोन आणून ठेवल्या होत्या. बायकोला वाईट वाटू देत नाही मी.

६ मे, सकाळ

पहिला सराव पेपर सोडवला. एक तांत्रिक अडचण लक्षात आली. सत्तावीस वर्षं मी शिक्षकांच्या प्रतीवरून शिकवतोय. त्या प्रतीत प्रत्येक प्रश्नाच्या शेजारी गुलाबी अक्षरात उत्तर छापलेलं असतं. डोळ्याला तो गुलाबी रंग इतका सवयीचा झालाय, की पांढरं पान समोर आलं की ते अपुरंच वाटतं.

चाळीसपैकी एकोणीस. कारणं: खुर्ची बुटकी, बाहेर कचऱ्याची गाडी, हवेत परागकण. शिवाय छपाई फिकी.

एव्हांथियाने विचारलं, किती आले? मी म्हटलं, छत्तीस. ती फार्मसीत काम करते, दिवसभर चिठ्ठ्यांवरचे आकडे वाचते, तिच्यापुढे आकडा जरा घसघशीत असलेला बरा. ती म्हणाली, बरे आहेत, चार कुठे गेले? मी म्हटलं, निष्काळजीपणा.

८ मे

मोठ्यांची बॅच. सगळ्यात मागे बसते ती स्तामातिया माव्रुदी. वय अठ्ठेचाळीस, सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं कंत्राटावर. आठ महिन्यांचं कंत्राट संपलं की घरी बसायचं, मग पुन्हा बोलावणं. आता तिथेच भांडारात कायमची जागा निघाली आहे. अर्जाची शेवटची तारीख २१ जून, आणि इंग्रजीच्या प्रमाणपत्राशिवाय तिचं नाव यादीत वर येत नाही. घरी म्हातारी आई. हे सगळं तिने पहिल्याच दिवशी एका दमात सांगितलं होतं आणि नंतर पुन्हा काढलं नाही.

आज मॉडिफायर शिकवले. म्हणजे वाक्यातला वर्णन करणारा तुकडा. तो ज्याचं वर्णन करतो त्याच्या शेजारीच बसला पाहिजे, नाहीतर घोटाळा. मी गुलाबी उत्तर वाचून दाखवलं आणि म्हटलं, कानाला गोड लागतं ते बरोबर. स्तामातिया म्हणाली, सर, माझे कान अकरा वर्षं स्वयंपाकघरातल्या पंख्याखाली आहेत, त्यांना गोडकडू काही कळत नाही. मी आपली ट्रे लावल्यासारखं बघते. बिनमिठाचं ही चिठ्ठी ज्या ट्रेची, त्याच ट्रेवर पाहिजे. शेजारच्या ट्रेवर गेली की भलताच माणूस बिनमिठाचं खातो आणि रक्तदाबवाला खारट. आणि ‘त्याला सूप द्या’ असं कोणी ओरडलं की मी आधी विचारते, त्याला म्हणजे कोणाला? खाटेचा नंबर सांगा.

वर्ग खूप हसला. मीही कौतुकाने हसलो. थोडं बाळबोध आहे, पण त्यांच्या पातळीवर ठीक.

९ मे

मुलांच्या बॅचला मॉडिफायर ट्रेच्या उदाहरणाने समजावले. टाळ्या पडल्या. एकीने विचारलं, सर, हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हटलं, अनुभव.

१३ मे

दुसरा सराव पेपर वर्गातच घेतला, वेळ लावून. स्तामातिया चौतीस. मी एकवीस. माझे कोणाला दाखवले नाहीत, शिक्षकाने दाखवायचे नसतात. निरीक्षण एवढंच की माझी पद्धत पुस्तकी नाही, कानाची आहे. मी वाक्य मोठ्याने म्हणतो, दोनदा घोळवतो आणि मग उत्तर आपोआप उमटतं. चुकीचं उमटलं तर तो दोष वाक्याचा.

प्रगतीचा आलेख एकोणीसवरून एकवीस. या वेगाने गेलो तर अजून नऊ पेपरांनंतर एकोणचाळीसच्या आसपास. पाच दिवसांत नऊ पेपर. रोज दोन. उद्यापासून.

१४ मे

उद्यापासून.

१५ मे

कालिरोईने विचारलं, काका, पत्रक छापायला द्यायचंय, तुमचं नाव प्रमाणपत्रवाल्यांत घालू की निकालाची वाट बघू? मी म्हटलं, घाल की. आता माघार घेतली असती तर तिला उगीच शंका आली असती. ती म्हणाली, नक्की ना? तीन हजार प्रती आहेत. मी म्हटलं, कालिरोई, तुला अंक मोजायला कोणी शिकवले? ती म्हणाली, गणिताच्या बाईंनी.

१७ मे

केस कापले. पेन्सिली तासल्या, सहा. नवा खोडरबर. अभ्यास करून शेवटच्या दिवशी डोकं शिणवू नये, असं मी सत्तावीस वर्षं मुलांना सांगत आलो आहे. आज स्वतः पाळलं.

१८ मे, शनिवार, दुपारी ४.००

पेपर उत्तम गेला.

१९ मे

काल एक-दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या.

शाळेच्या हॉलमध्ये जोडबाकं होती. बसवायचं आडनावाच्या क्रमाने, त्यामुळे माव्रिदिसच्या शेजारी माव्रुदी. म्हणजे मी आणि स्तामातिया. तिने खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली. म्हणाली, सर, तुम्ही शेजारी आहात, आता मला कसली काळजी?

पहिलं वाक्य मी माझ्या पद्धतीप्रमाणे म्हणायला सुरुवात केली. हळूच. थेस्सालोनिकीहून आलेली पर्यवेक्षिका धावत आली आणि तोंडावर बोट ठेवून उभी राहिली, पहिलीतल्या पोराला दटावतात तसं. चौपन्न वर्षांच्या माणसाला. मग मनातल्या मनात म्हणायला घेतलं, पण मनात मला सगळीच वाक्यं गोड लागतात. तासाभरात चोवीस झाले. पंचवीस मिनिटं उरली, सोळा प्रश्न कोरे. घाम यायला लागला. खिडक्या बंद होत्या.

२० मे

मान आखडली होती म्हणून डावीकडे वळवली. डावीकडे स्तामातियाचा कागद होता. तिचं सगळं लिहून झालं होतं आणि कागद बाकाच्या माझ्याकडच्या कडेला आला होता. आपोआप येत नाहीत असे कागद. आपल्याकडे पहिल्या इयत्तेपासून हीच रीत आहे, शेजाऱ्याला दिसेल असं ठेवायचं. हाताने कागद झाकणाऱ्या पोराला मधल्या सुट्टीत कोणी खेळायला घेत नाही. मी पडताळून पाहिलं, इतकंच. माझ्या मनात जी उत्तरं येऊ घातली होती तीच तिथे होती. बहुधा.

पडताळणी सोळाव्या उत्तरापर्यंत आली तेव्हा पर्यवेक्षिका समोर उभी होती. तिने विचारलं, तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता? स्तामातिया म्हणाली, हे माझे सर आहेत. त्यावर त्या बाईने मान हलवली, जणू सगळा उलगडा झाला, आणि स्तामातियाला म्हणाली, बाई, सरांच्या पेपरात बघू नका, आपलं आपलं लिहा. आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

स्तामातियाने माझ्याकडे पाहिलं. मी नेमका त्याच वेळी खोडरबर शोधायला बाकाखाली वाकलो होतो.

खोडरबर खरंच पडला होता. नंतर.

२४ मे

परीक्षा मंडळाचं पत्र आलं, शिकवणीच्या पत्त्यावर. दोन उमेदवारांची सोळा उत्तरं ओळीने सारखी. एक चूकसुद्धा सारखी. निकाल राखून ठेवले आहेत. पर्यवेक्षिकेच्या टिपणानुसार उमेदवार माव्रुदी यांनी शेजारच्या शिक्षकांची उत्तरं उतरवल्याचा संशय. दोघांनी ७ जूनपर्यंत लेखी खुलासा पाठवावा.

कालिरोई भडकली. म्हणाली, या वयात! आणि तुमच्या पेपरातून, काका! तुम्ही तिला इतकं जीव तोडून शिकवलंत आणि तिने काय केलं बघा. माझ्या शिकवणीचं नाव गेलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. बोलायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते हे: जाऊ दे गं, माफ करून टाकू.

हे वाक्य मी बोललो. दोनदा वाचलं, माझंच आहे.

२५ मे

सोमवारी कालिरोईला सगळं सांगणार. स्पष्ट. उभं राहून.

२७ मे, सोमवार

कालिरोईची दाढ दुखत होती. दुखणाऱ्या माणसावर आणखी ओझं टाकू नये.

२८ मे

दाढ काढली. आज ती खुशीत होती, कितीतरी दिवसांनी. तिची खुशी मोडवली नाही.

३० मे

स्तामातिया वर्गात येत नाही. बाकीच्यांनी विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलंय. सेरेससारख्या गावात सांगावं लागत नाही. सर्वनामांची उजळणी घेतली. फळ्यावर माझं नेहमीचं वाक्य लिहिलं: सर्वनाम आलं की विचारा, कोण? मग मी बराच वेळ फळा पुसत राहिलो.

४ जून

मेरार्हियास रस्त्यावर समोरून स्तामातिया येताना दिसली, हातात भाजीची पिशवी. मला एका दुकानात काम निघालं. आत गेल्यावर कळलं की दुकान लग्नाच्या पोशाखांचं आहे. विक्रेती म्हणाली, मुलीसाठी बघताय का? मला मुलगी नाही. मी म्हटलं, हो. तिने चार झगे काढून दाखवले. मी लेस हाताने तपासली, माप विचारलं, मुलीची उंची सांगितली. वीस मिनिटांनी बाहेर आलो तर स्तामातिया रस्त्याच्या पलीकडे बसथांब्यावर उभी होती. तिने हात केला. मीही केला. शेवटी मी काही रागावलेलो नाही तिच्यावर.

हे काय लिहिलं मी?

७ जून

खुलाशाचा शेवटचा दिवस. सहा मसुदे केले. शेवटचा बरा उतरला. त्याचा सारांश मायबोलीत असा: सदर परीक्षेच्या वेळी, शेजारी बसलेलं असताना, मानेच्या त्रासाने कागद नजरेस पडल्यामुळे आणि परस्परांची ओळख पूर्वीपासून असल्यामुळे, उत्तरांत साम्य आढळण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. अशा अकरा ओळी.

एव्हांथियाने पाकीट बंद करायच्या आधी वाचलं. म्हणाली, यात बसलं कोण? मान कोणाची? कागद काय आपण होऊन बाकावर बसला होता का मान दुखते म्हणून? मी म्हटलं, ही औपचारिक शैली आहे. ती म्हणाली, तुझ्याच वहीत पानापानावर लिहिलंय, विचारा कोण. मी विचारते. कोणी कोणाचं बघितलं?

मी गच्चीतल्या तुळशीला पाणी घालायला गेलो. आल्यावर पाकीट तिने टेबलावर तसंच ठेवलेलं होतं. मीच बंद केलं आणि पाच वाजता पोस्टात टाकलं. पोस्टाचा शिक्का आजचा पडला, म्हणजे मुदतीत.

१२ जून

माझा नामदिन. म्हणजे ज्याचं नाव मला ठेवलंय त्या संत ओनुफ्रिओसचा दिवस. या दिवसाची खोड ही की बोलावणं करायचं नसतं. दार उघडं ठेवायचं आणि येईल त्याला गोड द्यायचं. त्यामुळे कोणाला टाळता येत नाही.

सहा वाजेपर्यंत घर भरलं. कालिरोई आली, शेजारचे आले, एव्हांथियाच्या फार्मसीतल्या दोघी आल्या. मी ग्लास भरत होतो. आणि दारात स्तामातिया. हातात गुलाबी रिबिनीचं आकानेचं खोकं, ती आमच्या गावची लोण्याची, मऊ मिठाई. अंगावर चर्चला जायचा निळा ड्रेस. म्हणाली, सर, खूप वर्षं जगा.

खोलीत एकदम सगळ्यांना एकमेकांशी बोलायचं सुचलं. कालिरोईने खुर्ची खिडकीकडे वळवली. एव्हांथियाने स्तामातियाला हाताला धरून बसवलं, चेरीचा मुरांबा बशीत दिला, पाणी दिलं. ती दहा मिनिटं बसली. सगळा मुरांबा खाल्ला, बशी स्वतः उचलून आत ठेवली. निघताना मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो, जावंच लागलं. तिथे ती हळू आवाजात म्हणाली, सर, अर्ज एकवीसला बंद होतो. बाकी काही नाही.

मी म्हटलं, होईल हो सगळं नीट, स्तामातियाबाई. आणखी एक आकाने घ्या ना. तिनेच आणलेलं.

ती गेल्यावर कालिरोई म्हणाली, धीर बघा बाईचा, ज्यांच्या पेपरातून चोरलं त्यांच्याच घरी मिठाई घेऊन आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, माणूस आहे, चुकतो.

एव्हांथियाने हातातला ट्रे टेबलावर ठेवला. आपटला नाही, अगदी अलगद ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं.

सगळे गेल्यावर ती ग्लास विसळत होती. पाठमोरीच विचारलं, तू तिचं बघितलंस ना? मी म्हटलं, हो. महिन्यात पहिल्यांदा हे माझ्या तोंडातून आलं. वाटलं होतं ती ओरडेल. ती म्हणाली, मुरांबा खाताना ती सारखी तुझ्याकडे बघत होती, तुला दिसलं का? मला दिसलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

लाज वाटली. इथे दुसरा कुठला शब्द शोधत बसत नाही.

१३ जून

उद्या थेस्सालोनिकीला मंडळाच्या कचेरीत जाऊन कबुली देणार. लेखी. एकाच ओळीत. नोकरी गेली तर गेली. माणसाने एकदा तरी मोठं व्हावं.

१४ जून, शुक्रवार

फोन करून विचारलं. शुक्रवारी कचेरी एकला बंद होते. साडेदहाची बस पकडली असती तर पोहोचलो असतो. कबुलीजबाब सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहीत होतो, त्यात अकरा वाजले.

१७ जून, सोमवार

पवित्र आत्म्याचा सोमवार. सरकारी सुट्टी. यात तरी माझा दोष नाही.

१८ जून, रात्री जेवणाआधी

गेलो. सूट घातला, लग्नातला, बटण लागत नाही म्हणून उघडाच. बसमध्ये सव्वा तास भाषणाची तयारी केली. शेवट असा होता: माझं नाव जाऊ दे, पण त्या बाईची भाकरी जाऊ देऊ नका. म्हणताना दोनदा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या प्रवाशाने रुमाल पुढे केला.

कचेरीत साठीच्या आसपासची बाई होती, चष्मा साखळीला. मी उभा राहून सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला तिने हात वर केला. म्हणाली, माव्रिदिस? सोळा उत्तरांवाले? तुमचं प्रकरण तेराला निकालात निघालं. माव्रुदीबाई पास आहेत, चाळीसपैकी एकोणचाळीस. त्यांना त्याच दिवशी फोन केला. तुमचा पेपर रद्द. पत्र निघालंय तुमच्याकडे.

मी विचारलं, पण तुम्हाला कळलं कसं? मी तर आत्ता सांगतोय.

तिने फाइल उघडली. म्हणाली, पहिली चोवीस उत्तरं बघा ना. त्या बाईंची चोवीसच्या चोवीस बरोबर, तुमची तेरा चूक. मग पंचविसाव्यापासून तुम्ही एकदम हुशार झालात. त्यांची एकुलती एक चूक, तीसुद्धा तुम्ही उचललीत. असा पेपर शेजारी असताना त्याच्यातून कोण उतरवील, साहेब? आम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं. पण नियम असा की दोन्ही खुलासे आल्याशिवाय बैठक घेता येत नाही. बाईंचा दुसऱ्या दिवशी आला. तुमची वाट बघत बसलो.

तिने स्तामातियाचा खुलासा दाखवला. इंग्रजीत एक ओळ: मी कोणाचंही उत्तर बघितलेलं नाही. खाली सही. माझं नाव कुठेही नव्हतं. मग म्हणाली, तुमचा बैठकीत तिघांनी वाचला, कोणाला काही कळलं नाही.

मी म्हटलं, हा माझा कबुलीजबाब. ती म्हणाली, आता याची गरज नाही. मग माझ्याकडे बघून तिला दया आली असावी. म्हणाली, आणलाच आहात तर द्या, शिक्का मारते. मारला. क्रमांक टाकला. आणि फाइल कपाटात परत ठेवली.

परतीच्या बसमध्ये भाषण आठवत राहिलो. फार चांगलं झालं होतं.

१९ जून

मंडळाचं पत्र शिकवणीत पोहोचलं. कालिरोईने दोनदा वाचलं. मी उभा होतो. म्हणाली, मी तिला काय काय बोलले, काका. आणि तुम्ही ऐकत होतात. आवाज चढवला नाही. पत्रकांचे गठ्ठे दाखवून म्हणाली, यातलं तुमचं नाव खोडावं लागेल, मार्कर ड्रॉवरमध्ये आहे. पुढच्या वर्षी तुम्ही लहान मुलांना घ्या, चित्रांच्या पुस्तकांवाल्यांना. मग ती जाकीट घालून स्तामातियाची माफी मागायला रुग्णालयात गेली. मी तेव्हासुद्धा तिच्याबरोबर गेलो नाही. आठशे प्रती खोडून झाल्या होत्या, मध्येच सोडवत नव्हतं.

२० जून

आज स्तामातिया शिकवणीत आली. अर्ज दाखल करून, पावती घेऊन, थेट. बॅचसाठी मिठाई आणली होती. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या. मी कोपऱ्यात होतो. ती खोकं घेऊन माझ्याकडे आली.

मी म्हटलं, स्तामातियाबाई, मी मंगळवारी थेस्सालोनिकीला गेलो होतो. सगळं कबूल केलं. लेखी. त्याच्यावर क्रमांक आहे.

ती म्हणाली, कळलं मला. सर, कागद मीच सरकवला होता. तुम्हाला घाम फुटला होता, मला बघवेना. तुम्ही बघितलंत याचं मला काही नाही, त्याच्यासाठीच तर सरकवला. मी रागावले नाहीये.

मला इतकं हलकं वाटलं की मी खोक्यातून एक तुकडा उचलला.

मग ती म्हणाली, फक्त आईचं काय ते. ती रोज संध्याकाळी विचारायची, तुझे सर बोलले का गं? मी सांगायचे, उद्या बोलतील, शिकलेला माणूस आहे. परीक्षेच्या दिवसापासून रोज सांगितलं, उद्या बोलतील. तुमच्या नामदिनाहून घरी गेले, तेव्हा आईने पहिल्यांदा विचारलं नाही. त्यानंतर विचारलंच नाही.

एवढं बोलून ती पुढच्या माणसाकडे खोकं घेऊन गेली.

यापुढे मी चार ओळींत कारण लिहिलं होतं. खोडलं.